पणजोबांच्या पेटीतले देवळांचे फोटो लाला दीनदयाळांचे आहेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर रिकामं करताना पणजोबांच्या लाकडी पेटीत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो निघाले. त्यांत देवळं आहेत, ग्वाल्हेरचा किल्ला आहे, एक भलंमोठं दगडी तोरण आहे आणि काहींच्या पाठीवर मोडीत ओळी आहेत. पणजोबा होळकर सरकारात ओव्हरसियर, म्हणजे बांधकामांवर देखरेख करणारे होते. एका परिचितांनी फोटो पाहून सांगितलं की हे नक्की एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे, पुठ्ठ्यावरून सोडवून धुऊन घ्या, लॅमिनेट करा, चांगली किंमत येईल. तेव्हा तुम्ही तीन गोष्टी विचारताय: हे खरंच दीनदयाळांचे आहेत का, पिवळेपणा कसा काढायचा आणि विकावेत का.

मी बडोद्याला म्युझियॉलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकलो आणि पुढे इंदूरला जुने फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह सांभाळण्याचंच काम करत आलो. तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे खाली बऱ्याच ठिकाणी ‘असं असेल तर’ येईल. तो टाळाटाळीचा भाग नाही. या कामात उत्तर खरोखरच फोटो हातात धरून, तिरक्या उजेडात बघितल्यावर ठरतं.

आधी तातडीचं सांगतो. धुऊ नका, सोडवू नका, लॅमिनेट करू नका. तुमचे फोटो ज्या काळातले वाटतात त्या काळात छपाईचा मुख्य कागद अल्ब्युमेनचा होता. पातळ कागदावर मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर द्यायचा, तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून प्रकाशाला संवेदनशील करायचा आणि काचेच्या निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा. चित्र उन्हातच उमटायचं. हा कागद इतका पातळ असतो की मोकळा सोडला तर त्याची सुरळी होते, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पाणी लागलं की अंड्याचा थर फुगतो, वाळताना आकसतो आणि त्यावर बारीक भेगांचं जाळं पडतं. पाठीवरची शाई जाते ती वेगळीच. आणि तुम्हाला दिसणारा पिवळेपणा म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. थर स्वतःच पिवळा पडलेला असतो आणि उजळ भागांतली चांदी विरलेली असते. आकाश, चुन्याच्या भिंती, पांढरे कपडे यांतला तपशील आधी जातो तो यामुळेच. गेलेली चांदी धुऊन परत येत नाही. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद दोन्ही लागतात आणि एकदा केलेलं लॅमिनेशन उलटवता येत नाही. तुम्हाला भिंतीवर लावायला स्वच्छ, ठसठशीत चित्र हवं असेल तर ते डिजिटल प्रतीवर करा. मूळ फोटो आहे तसा राहू द्या.

आता नावाचा प्रश्न. माझ्या कामात छायाचित्रकाराचं नाव मी सगळ्यात शेवटी ठरवतो. आधी वस्तू कशी बनली आहे ते बघतो, मग चित्रात काय उभं आहे आणि काय पडलेलं आहे ते, मग हा कागद कधी छापला गेला असावा ते, आणि हे सगळं जुळलं तरच नाव. नावापासून सुरुवात केली की डोळे फक्त त्या नावाला पोषक गोष्टी शोधतात. मध्य भारतातला एकोणिसाव्या शतकातला कुठलाही देवळाचा फोटो बाजारात ‘दीनदयाळ’ होतो, कारण त्या नावाला भाव आहे.

तरीही तुमच्या परिचितांचा अंदाज उगाच नाही. दीनदयाळांची सुरुवात आपल्या इंदूरचीच. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीचं शिक्षण, आणि १८६६ पासून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी. कॅमेरा त्यांनी १८७४ च्या सुमारास हातात घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रजांच्या रेसिडेन्सीतले सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आहे, या दोघांचा त्यांना आधार मिळाला. पुढे गव्हर्नर जनरलचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ मध्ये त्यांनी बुंदेलखंड आणि मध्य भारत फिरून ग्वाल्हेर, खजुराहो, सांची अशा ठिकाणचे फोटो काढले. त्यांतले निवडक ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात आले. होळकर सरकारातला ओव्हरसियर आणि बांधकाम खात्यातला ड्राफ्ट्समन एकाच शहरात, एकाच धंद्यात होते. म्हणजे शक्यता नक्की आहे. पण शक्यता आहे म्हणून ती सिद्ध झाली असं होत नाही.

कारण या भागात कॅमेरा घेऊन फिरणारे ते एकटे नव्हते. जेम्स वॉटरहाउस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८६१-६२ मध्येच मध्य भारताचा दौरा करून सांचीचे फोटो घेतले होते. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख कनिंगहॅम यांचे सहाय्यक बेगलर यांनी १८७० च्या दशकात त्या खात्यासाठी बुंदेलखंडाकडे काम केलं. आणि सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला, १८७० मध्ये परत गेला, पण त्याच्या निगेटिव्ह बोर्न अँड शेफर्ड कंपनीने पुढे कितीतरी वर्षं छापून विकल्या. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण घरोघरी सगळा गोंधळ इथेच होतो. निगेटिव्ह एका काळातली आणि कागदावरची छपाई वीस-तीस वर्षांनंतरची, असं सर्रास असतं. चित्रातलं दृश्य निगेटिव्हचा काळ सांगतं, तर कागद आणि पुठ्ठा छपाईचा. दोन वेगळी उत्तरं आली तर एक चूक आहे असं समजू नका.

वस्तू कशी बघायची? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसं. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फोटो टेबलावर सपाट ठेवून बघा. उजळ भागात कागदाचे तंतू दिसले, रंग जांभळट किंवा तांबूस तपकिरी असला आणि पृष्ठभागावर मंद चकाकी असली, तर तो बहुधा अल्ब्युमेन आहे. तंतू मुळीच दिसत नसतील, पृष्ठभाग पांढऱ्या गुळगुळीत थराखाली दडलेला असेल आणि गडद भागांत कडेकडेने चंदेरी-निळसर झाक आली असेल, तर तो जिलेटिनचा कागद, म्हणजे बहुतेक १८९० च्या आसपासचा किंवा नंतरचा. आणि भिंगाखाली नियमित ठिपके दिसले तर ती पुस्तकाची किंवा पोस्टकार्डाची छपाई आहे, फोटो नाहीच. पुस्तकातून सुटी झालेली पानं लोक फोटो समजून जपतात, तेव्हा हे आधी बघून घ्या.

काळ ओळखायला हालचालही कामी येते. सुरुवातीच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन या चिकट द्रावाचा थर ओला असतानाच फोटो घ्यावा लागे आणि ओला असतानाच धुवावा लागे. माळव्याच्या उन्हात तो थर काही मिनिटांतच वाळू लागायचा, त्यामुळे छायाचित्रकार बरोबर अंधारा तंबू, रसायनं, पाणी आणि हमाल घेऊन फिरे. प्लेटेवर उजेड काही सेकंद पडू द्यावा लागत असल्याने झाडांची पानं धूसर येतात आणि चालणारी माणसं पुसट होतात किंवा नाहीशीच होतात. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा बाजारात आल्या आणि हे ओझं उतरलं. तुमच्या फोटोत रस्त्यावर चालणारी माणसं, हलणारी जनावरं लख्ख असतील तर कोरड्या प्लेटेकडे झुका. पण सगळे स्थिर बसवलेले असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आकाशावरून ऋतू ओळखायचा प्रयत्न मात्र करू नका. या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे आकाश कोरं पांढरं येई, ढग असले तरी दिसत नसत. कित्येकदा निगेटिव्हवर आकाशाचा भाग रंगवून झाकतही. याच गुणधर्माची एक फार सुंदर बाजू ग्वाल्हेरला दिसते. मानसिंह तोमरांच्या मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरशांची नक्षी आहे. आज समोर उभं राहिलं की गर्द निळ्या पट्ट्या डोळ्यात भरतात. जुन्या फोटोत मात्र तोच निळा फिकट, जवळजवळ पांढुरका येतो आणि पिवळा काळपट. फोटो बघून अनेकांना वाटतं की फरशा तेव्हाच उडाल्या होत्या आणि नंतर बसवल्या. तसं नाही, प्लेटेने रंग उलटे वाचले आहेत. जुन्या फोटोवरून इमारतीचे रंग किंवा झीज ठरवताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता तुमचं ‘भलंमोठं तोरण’. माझा पहिला अंदाज सांचीचा आहे आणि तसं असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण सांचीच्या मोठ्या स्तूपाचा काळ फोटोतून फार चांगला वाचता येतो. चारपैकी उत्तर आणि पूर्वेची तोरणं उभीच राहिली, दक्षिण आणि पश्चिमेची कोसळली होती. ती मेजर कोल यांच्या देखरेखीखाली १८८१ ते १८८३ या काळात पुन्हा उभी केली गेली, स्तूपाला पडलेलं खिंडार भरलं गेलं, झाडी काढली गेली. त्यानंतर १९१२ ते १९१९ मध्ये सर जॉन मार्शल यांनी मोठं काम केलं आणि स्तूपाच्या माथ्यावर हर्मिका (चौकोनी कठडा) आणि छत्र पुन्हा बसवलं. म्हणजे फोटोत तोरणाचे तुकडे जमिनीवर पडलेले असतील तर दृश्य १८८१-८३ च्या आधीचं. दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं तोरण उभं पण माथा बोडका असेल तर त्या दोन कामांच्या मधलं. फक्त एक उभं तोरण जवळून घेतलेलं असेल, तर ते चारपैकी कुठलं हे कोरीव कामावरून ओळखावं लागेल आणि मगच काही बोलता येईल.

ग्वाल्हेरलाही अशा खुणा आहेत. किल्ला १८५८ पासून १८८६ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होता, मग शिंद्यांना परत मिळाला. मेजर कीथ यांनी १८८१-८३ मध्ये तिथल्या वास्तूंची डागडुजी केली. तेली मंदिराच्या आवारात आज जे नक्षीदार प्रवेशद्वार दिसतं, ते त्या वेळी विखुरलेले अवशेष जुळवून उभं केलेलं आहे. फोटोत मंदिर आहे, ती बाजूही चौकटीत आहे आणि दार नाही, तर दृश्य त्याआधीचं. खाली शहराच्या देखाव्यात जयविलास महाल दिसत असेल तर १८७४ च्या नंतरचं, कारण तो त्या साली पुरा झाला. इंदूरचे फोटो निघालेच तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या मोजा. दुसरे तुकोजीराव १८८६ मध्ये गेले, म्हणजे त्यांची छत्री ज्या फोटोत आहे तो त्याआधीचा असूच शकत नाही.

माझी स्वतःची पद्धत सांगतो, कारण ती तुम्हालाही जमेल. फोटोची साध्या कागदावरची प्रत घेऊन मी प्रत्यक्ष जागेवर जातो. चित्रात जवळचा एखादा कोपरा आणि लांबचा एखादा घुमट एका रेषेत आलेला असतो. जागेवर सरकत सरकत ते दोन्ही पुन्हा एका रेषेत आणायचे, मग दुसरी अशी जोडी जुळवायची. दोन्ही जुळल्या की कॅमेरा नेमका कुठे होता ते कळतं. सावल्यांवरून वेळ कळते. तेली मंदिराचं तोंड पूर्वेला आहे, दर्शनी भागावर ऊन म्हणजे फोटो सकाळचा. असं उभं राहिल्यावर छायाचित्रकाराने ही जागा का निवडली ते उमगतं. खरं सांगायचं तर या सगळ्या कामात मला सगळ्यात प्रिय हीच वेळ आहे.

आणि इथेच दीनदयाळांचा हात मला ओळखू येऊ लागतो. ते मूळचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारे होते. त्यांच्या वास्तुचित्रांत उभ्या रेषा उभ्याच राहतात, इमारतीचा पाया चौकटीत पूर्ण बसतो, ऊन बाजूने पडून कोरीव काम उठून दिसतं, आणि कुठेतरी एखादा माणूस असा उभा असतो की त्याच्या उंचीवरून खांबाची उंची मोजता यावी. त्याच काळातले कितीतरी फोटो पडकी भिंत, वेली, तळ्यातलं प्रतिबिंब यांच्या मोहात पडलेले आहेत. दीनदयाळांना सौंदर्य कळत नव्हतं असं मुळीच नाही, पण त्यांच्या चित्रावरून गवंड्याला काम सांगता येईल इतकी माहिती त्यात असते. तरी शैलीवरून नाव देणं हा सगळ्यात कच्चा पुरावा. सरकारी पाहणीसाठी काम करणारे इतरही अशीच चौकट निवडत.

पक्का पुरावा बहुधा चित्राच्या खालच्या कडेला असतो. दीनदयाळांच्या निगेटिव्हवर अनेकदा नाव आणि क्रमांक लिहिलेला असे, तो छपाईत बारीक अक्षरांत उमटतो. भिंगाने खालचे दोन्ही कोपरे बघा. कधी पुठ्ठ्याच्या काठाखाली किंवा गडद सावलीत तो लपतो. नुसता क्रमांक मिळाला तरी टिपून ठेवा. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आहे, तिथे पडताळणीला तो उपयोगी पडेल. पुठ्ठ्यावर छापील नाव असेल तर ते जसंच्या तसं उतरवा. नुसतं ‘लाला दीनदयाळ’ आणि ‘राजा दीनदयाळ आणि सन्स’ यांत फरक आहे. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला तो ते हैदराबादकडे गेल्यानंतर, म्हणून ‘राजा’ असलेला पुठ्ठा उशिराच्या छपाईचा असतो, आतलं दृश्य इंदूरच्या दिवसांतलं असलं तरी.

आता पाठीवरची मोडी. मला विचाराल तर तुमच्या पेटीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. दीनदयाळांचा एखादा फोटो जगात इतर संग्रहांतही सापडेल. होळकरांच्या ओव्हरसियरने त्यावर लिहिलेली ओळ दुसरीकडे कुठेही नाही. ती नुसती जागेचं नाव असू शकते, फोटो कुणी दिला ते असू शकतं, किंवा दुरुस्तीच्या कामाची नोंदही असू शकते. तसं निघालं तर हे फोटो शोभेसाठी नव्हे, कामासाठी घेतले किंवा वापरले गेले होते हे कळेल. मोडी जाणणारी माणसं इंदूरला आहेत, पुण्यात तर पुष्कळ आहेत. त्यांना मूळ फोटो पाठवू नका, पाठीचा स्पष्ट फोटो पाठवा. साल असलं तर कुठलं हे आधी विचारा. शके १८०२ म्हणजे इसवी १८८०-८१. पण होळकरी कागदांत फसली सन (महसुली वर्षगणना) आणि संवतही येतात, तेव्हा आकडा दिसला की लगेच ७८ मिळवू नका.

प्रती काढताना स्कॅनरचं झाकण वाकलेल्या पुठ्ठ्यावर दाबू नका, तडा जातो. चांगला कॅमेरा स्टँडवर उभा वरून खाली तोंड करून लावा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत सारखे दिवे ठेवा, फ्लॅश नको. पुढची बाजू, मागची बाजू, आणि पुठ्ठ्याच्या चारही कडा दिसतील असं पूर्ण चित्र घ्या. बाजूला पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. हे फोटो निगेटिव्हच्याच आकारात छापलेले असतात, त्यामुळे मापावरून प्लेटेचा आकार कळतो. आणि पेटीत जो क्रम होता तोच क्रमांक पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, फोटोच्या पाठीवर नाही.

लाकडी पेटीत ते परत ठेवू नका, लाकडातून आम्ल सुटतं. आम्लमुक्त कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं, पण पीव्हीसीची नकोत. खोका आडवा, लोखंडी कपाटात, मधल्या खणात. बाहेरच्या भिंतीला लागून नको आणि वरच्या मजल्यावर गच्चीखालीही नको. डांबरगोळ्या फोटोंजवळ ठेवू नका. इंदूरचा पावसाळा हाच खरा शत्रू. त्या महिन्यांत ओल आली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात, म्हणून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदला. काही फोटोंवर आधीच बुरशीचे डाग असतील तर ते बाकीच्यांपासून वेगळे करा, पुसू नका, आणि ते तेवढे संवर्धनकाराला दाखवा.

विकण्याबद्दल. किंमत मी सांगणार नाही, कारण ती नाव, स्थिती, दुर्मिळता आणि घेणाऱ्याची गरज यांवर ठरते आणि न बघता सांगितलेला आकडा तुमची दिशाभूल करेल. विकायचेच असतील तर संच फोडू नका. व्यापारी चार चांगले उचलतो आणि उरलेले पणजोबांच्या मोडीसकट रद्दीत जातात. परदेशातला ग्राहक मिळाला तर थांबा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे निर्बंध आहेत, त्याबद्दल आधी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारणा करा. दान द्यायचे असतील तर संस्थेकडून यादीसह पावती घ्या आणि डिजिटल प्रती घरी ठेवा.

आता तुम्ही एवढं करा: तोरणाच्या आणि किल्ल्याच्या फोटोंची पुढची-मागची बाजू, खालच्या दोन कोपऱ्यांचे जवळून घेतलेले फोटो, आणि पुठ्ठ्याचं माप इथे टाका. तोरणाचा फोटो आधी टाका. ते उभं आहे की पडलेलं, एवढ्यावरूनसुद्धा पुढचं बरंच ठरेल.